हात घातला की उजेड, थांबलं की अंधार: ‘मोशन लाइट’वाल्या बॅगा चालतात कशा आणि रस्त्यावर कामाला येतात का?

पर्सच्या तळाशी किल्ली शोधायला हात आत जातो आणि आतून पांढरा उजेड पसरतो. पुढच्याच रीलमध्ये एक शाळकरी मूल पाठीवर दप्तर घेऊन पळतंय आणि दप्तरावरचे लाल-निळे दिवे पावलागणिक लुकलुकतायत. दोन्ही व्हिडिओंखाली एकच शब्द असतो: ‘मोशन ॲक्टिव्हेटेड’. म्हणजे हालचाल झाली की आपोआप लागणारा दिवा.

अशा बॅगा आता ऑनलाइन दुकानांत सहज मिळतात. हँडबॅग, दप्तर, सॅक, सायकलस्वारांच्या पाठीवरच्या बॅगा असे बरेच प्रकार आहेत. बटण शोधायची कटकट नाही आणि व्हिडिओत दिसायलाही छान. पण पर्समधल्या दिव्याचा जो गुण आहे, तोच दप्तरावरच्या दिव्याचा दोष ठरू शकतो. पर्समधला दिवा लागला नाही तर फार तर दारात उभं राहून चार मिनिटं किल्ली शोधावी लागेल. दप्तरावरचा दिवा मात्र पालक अनेकदा ‘अंधारात मूल गाड्यांना दिसेल’ या भरवशावर घेतात. तो भरवसा कितपत खरा आहे, हे कळण्यासाठी आधी हा दिवा चालतो कसा ते पाहायला हवं.

एक नाव, दोन कामं

दिवा दोन कारणांसाठी लावला जातो. एक, आपल्याला दिसावं म्हणून. दोन, आपण दुसऱ्याला दिसावं म्हणून. टॉर्च पहिलं काम करते. सायकलच्या मागे लुकलुकणारा लाल दिवा दुसरं काम करतो. त्या दिव्याने सायकलस्वाराला स्वतःला काहीच दिसत नाही, पण मागून येणाऱ्याला सायकल दिसते.

बॅगेच्या आतला दिवा टॉर्चच्या जातीचा. त्याचं काम जेमतेम १५-२० सेकंदांचं असतं. हात आत गेला की लागायचं, वस्तू सापडली की विझायचं. उरलेला सगळा वेळ तो बंद असलेलाच बरा, कारण बॅटरी वाचते. इथे ‘हालचाल झाली तरच उजेड’ ही कल्पना चपखल बसते.

बॅगेच्या बाहेरचा दिवा सायकलच्या मागच्या दिव्याच्या जातीचा. त्याचं काम समोरच्याची नजर वेधण्याचं. आणि ते काम माणूस चालत असतानाही असतं, उभा असतानाही. सायकलचा मागचा दिवा सिग्नलला थांबल्यावर विझला तर तो बिघडलाय असं आपण म्हणू. हालचालीवर चालणारा बॅगेचा दिवा मात्र थांबल्यावर विझतो, कारण तो तसाच बनवलेला असतो.

बॅगेला हालचाल कळते कशी?

बॅगेत एलईडी, बॅटरी आणि दोन्हींच्या मध्ये एक स्विच असतो. एलईडी आणि बॅटरी सगळीकडे सारख्याच. खरा फरक स्विचमध्ये आहे. बाजारात मुख्यतः चार तऱ्हा दिसतात.

पहिली तऱ्हा स्प्रिंगची. छोट्या नळीत एक बारीक तार उभी असते आणि तिच्याभोवती, तिला न टेकता, एक नाजूक स्प्रिंग असते. पाऊल पडलं की हादऱ्याने स्प्रिंग डुलते, तारेला टेकते आणि क्षणभर वीज वाहते. काही ठिकाणी स्प्रिंगऐवजी छोटी धातूची गोळी असते. बॅग हलली की गोळी घरंगळते आणि दोन टोकं जोडते. हे स्विच अगदी स्वस्त असतात. दप्तरांवरचे बहुतेक लुकलुकणारे दिवे आणि लहान मुलांचे लाइटवाले बूट याच तत्त्वावर चालतात.

या बुटांचा एक जुना किस्सा इथे आठवण्यासारखा आहे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ‘एल. ए. गिअर’ या अमेरिकन कंपनीचे टाचेत दिवे असलेले बूट मुलांमध्ये तुफान गाजले. त्यांच्या सुरुवातीच्या काही बुटांमध्ये स्विच म्हणून पाऱ्याचा थेंब वापरला होता. बूट हलला की थेंब सरकायचा आणि दोन तारा जोडल्या जायच्या. पण पारा विषारी. बूट फाटून कचऱ्यात गेले की तो पाण्यात आणि मातीत उतरणार, म्हणून मिनेसोटा राज्याने आक्षेप घेतला आणि १९९४ मध्ये कंपनीला त्या राज्याशी समझोता करावा लागला. पुढे पाऱ्याची जागा साध्या यांत्रिक स्विचने घेतली. लुकलुकणाऱ्या वस्तूच्या आत काय आहे हे विचारायला हवं, हे तेव्हाच स्पष्ट झालं होतं.

दुसरी तऱ्हा ॲक्सेलरोमीटरची. फोन आडवा केला की स्क्रीन आडवी होते, ती याच चिपमुळे. चिपच्या आत सिलिकॉनचा अतिसूक्ष्म तुकडा लवचीक पट्ट्यांवर टांगलेला असतो. बॅगेला धक्का बसला की तो किंचित सरकतो आणि चिप ते मोजते. याचा फायदा असा की चालणं, धावणं आणि नुसता बसचा हादरा यांत फरक करायला तिला शिकवता येतं. महागड्या बॅगांमध्ये आणि सायकलच्या काही दिव्यांमध्ये ही सोय असते; ब्रेक लागल्याचं ओळखून दिवा जास्त प्रखर करणं वगैरे.

तिसरी तऱ्हा पीआयआर, म्हणजे शरीराची उष्णता ओळखणाऱ्या सेन्सरची. अनेक सोसायट्यांच्या जिन्यात माणूस आला की दिवा लागतो, तो याच सेन्सरमुळे. आपलं अंग सतत डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण बाहेर टाकत असतं. सेन्सरच्या आत शेजारी-शेजारी दोन पट्ट्या असतात. दोन्हींवर सारखीच उष्णता पडत असेल तर तो गप्प बसतो. हात समोरून सरकला की आधी एका पट्टीवर आणि मग दुसरीवर जास्त किरण पडतात. हा फरक दिसला की दिवा लागतो. म्हणून गरम डबा बॅगेत ठेवताना दिवा लागेल, पण डबा एका जागी बसला की सेन्सर त्याला विसरून जाईल.

पीआयआर आपल्याकडच्या उन्हाळ्यात मात्र थोडा गोंधळतो. तळहाताच्या त्वचेचं तापमान साधारण ३२ ते ३४ अंश असतं. हवा २० अंशांवर असेल तर हात सेन्सरला लख्ख वेगळा दिसतो. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे बॅगेच्या आतली हवाही त्याच तापमानाच्या आसपास पोहोचली की हात आणि हवा यांतला फरकच पुसट होतो. दिवा उशिरा लागतो किंवा दोनदा हात हलवावा लागतो. बॅग बिघडलेली नसते, तत्त्वाचीच ती मर्यादा असते.

चौथी तऱ्हा जवळ आलेली वस्तू ओळखणाऱ्या सेन्सरची. फोन कानाला लावला की स्क्रीन विझते, तसंच काहीसं. एक बारीक एलईडी अदृश्य किरण सोडतो आणि ते समोरच्या वस्तूवर आपटून परत आले की वस्तू जवळ आहे असं कळतं. याला उन्हाळ्याचा फारसा त्रास नाही. पण बॅग गच्च भरली आणि सेन्सरच्या तोंडासमोरच टिफिन किंवा वही आली, तर तो फसतो.

यांच्या जोडीला बऱ्याच बॅगांत उजेड मोजणारा छोटा सेन्सरही असतो. बाहेर लख्ख ऊन असेल तर हात घातला तरी दिवा लावायचा नाही, एवढंच त्याचं काम. त्यामुळे दुपारी दुकानात बॅग उघडून ‘दिवा लागतच नाही’ असं वाटलं, तर आधी ती अंधारात धरून पाहावी.

बॅटरी किती दिवस चालते?

लहान दिव्यांमध्ये बहुधा ‘सीआर २०३२’ हा बटण सेल असतो. नावातच त्याचं माप आहे: व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर. तो ३ व्होल्टचा असतो आणि त्याची क्षमता साधारण २२० मिलिॲम्पिअर-तास असते.

आता हिशेब सोपा आहे. एलईडी ५ मिलिॲम्पिअर वीज घेत असेल तर सेल कागदावर ४४ तास चालेल. पर्समधला दिवा एका वेळी २० सेकंद लागतो असं धरलं, तर ४४ तासांत तो सुमारे ७,९०० वेळा लागू शकतो. दिवसातून दहा वेळा पर्स उघडली तरी हे दोन वर्षांहून जास्त झालं.

तोच सेल दप्तरावरच्या दिव्याला लावून पाहू. मूल चालतंय, रिक्षात हादरे बसतायत, वर्गात कुणी दप्तर सरकवतंय. असा दिवसाला दोन तास दिवा चालू राहिला तर तोच सेल २२ दिवसांत संपेल. लुकलुकणारा दिवा मध्येमध्ये बंद असतो म्हणून थोडे दिवस वाढतील. पण एकाच सेलवर तीन-चार एलईडी असतील तर तेवढेच कमीही होतील.

यात एक छुपा खर्च आहे. स्प्रिंगचा स्विच स्थिर असताना वीज घेत नाही. पीआयआर किंवा ॲक्सेलरोमीटर मात्र हालचालीची वाट पाहतानाही थोडी वीज पितच असतो. हा खर्च ५० मायक्रोॲम्पिअर असेल, तर दिवा एकदाही न लागता सेल सहा महिन्यांत रिकामा होतो. कपाटात ठेवलेली नवी बॅग दिवाळीत बाहेर काढावी आणि दिवा बंदच, असं होतं ते यामुळे. ज्या बॅगेत वेगळं चालू-बंद बटण असतं, तिथे हा प्रश्न येत नाही.

रस्त्यावर हा दिवा किती उपयोगाचा?

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ लोकांचा जीव गेला. त्यांत ३२,८२५ जण पायी चालणारे होते. म्हणजे दर पाच मृतांमागे जवळपास एक. पादचारी दिसला पाहिजे हा म्हणूनच साधा मुद्दा नाही.

एखादी गाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने येत असेल, तर ती सेकंदाला सुमारे १७ मीटर पुढे सरकते. चालकाला काहीतरी दिसणं, ते काय आहे हे कळणं आणि पाय ब्रेकवर जाणं यात दीड सेकंद गेला, तरी गाडी २५ मीटर पुढे आलेली असते. त्यानंतर कोरड्या रस्त्यावर थांबायला साधारण २० मीटर लागतात. म्हणजे एकूण ४५ मीटर, आणि रस्ता ओला असेल तर त्याहून बरेच जास्त. गाडीचे दिवे डिपरवर असताना गडद कपड्यातला माणूस ढोबळमानाने ५० मीटरच्या आत आल्यावरच नजरेला पडतो. हातात उरतो तो निसटता फरक.

बॅगेवरचा चांगला प्रखर दिवा हे अंतर नक्कीच वाढवू शकतो. पण हालचालीवर चालणाऱ्या दिव्याच्या बाबतीत तीन अडचणी आहेत.

पहिली अडचण थांबण्याची. रस्ता ओलांडणारा माणूस सर्वांत धोक्यात कुठे असतो? दुभाजकावर, पुढच्या गाड्या जायची वाट पाहत उभा असताना. गावाच्या फाट्यावर एसटीची वाट पाहताना. या सगळ्या जागी तो उभा असतो. स्प्रिंगचा स्विच शांत होतो, टायमरची १५-२० सेकंदं संपतात आणि दिवा विझतो. पुन्हा पाऊल उचललं की दिवा लागतो, पण तोपर्यंत माणूस गाडीच्या वाटेत आलेला असतो. चालकाला आधीपासून दिसत असलेला दिवा आणि अचानक समोर उजळलेला दिवा यांत त्या दीड सेकंदाचाच फरक असतो.

दुसरी अडचण दिशेची. बॅग पाठीवर असते, म्हणून दिवा मागून येणाऱ्यालाच दिसतो. आपल्याकडे वाहनं डावीकडून चालतात. फुटपाथ नसलेल्या रस्त्यावर पायी चालणाऱ्याने उजव्या कडेने, समोरून येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून चालावं असं सांगितलं जातं, म्हणजे त्याला गाडी दिसते. नियम पाळून चालणाऱ्या मुलाच्या सर्वांत जवळून जाणाऱ्या गाड्या मग समोरून येतात आणि दप्तरावरचा दिवा त्यांना दिसतच नाही. सायकलस्वाराचं उलट आहे. तो डावीकडूनच चालतो, गाड्या मागून येतात, त्यामुळे पाठीवरच्या दिव्याचा त्याला जास्त उपयोग होतो.

तिसरी अडचण ओळखण्याची. अंधारात एक लुकलुकणारा ठिपका दिसला, पण तो काय आहे? दुकानाची रोषणाई, मोटारसायकल, की माणूस? स्वीडिश मानसशास्त्रज्ञ गुन्नार योहान्सन यांनी १९७३ मध्ये दाखवून दिलं होतं की, पूर्ण अंधारात माणसाच्या सांध्यांवर फक्त काही प्रकाशठिपके लावले तरी बघणाऱ्याला ते चालणारं माणूस आहे हे क्षणात कळतं. घोटे, गुडघे, मनगटं ज्या लयीत हलतात ती लय आपला मेंदू लगेच ओळखतो. पुढे ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेत रात्रीच्या रस्त्यांवर झालेल्या प्रयोगांतही हेच दिसलं: चमकणाऱ्या पट्ट्या नुसत्या जॅकेटवर लावण्यापेक्षा घोटे, गुडघे आणि मनगटांवरही लावल्या तर चालकाला माणूस कितीतरी आधी ओळखू येतो. बॅग असते ती धडावर, म्हणजे शरीराच्या सर्वांत कमी हलणाऱ्या भागावर.

बॅटरी न लागणारा ‘दिवा’

या तिन्ही अडचणींवर एक जुना आणि स्वस्त उपाय आहे: रिफ्लेक्टर. पश्चिम महाराष्ट्रात ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि बैलगाड्यांना रिफ्लेक्टर लावण्याच्या मोहिमा होतात. अंधारात रस्त्यावरून चाललेल्या बैलगाडीला दिवा नसतो. मागच्या लाल पट्ट्या चमकल्या की चालकाला ती कळते.

साधा पांढरा कपडा पडलेला उजेड सगळ्या दिशांना विखुरतो. रिफ्लेक्टरच्या पट्टीत काचेचे सूक्ष्म मणी किंवा बारीक त्रिकोणी आरसे असतात. ते उजेड जिथून आला तिथेच परत पाठवतात. गाडीच्या दिव्यातून निघालेला उजेड परत चालकाच्या डोळ्यांकडे येतो, म्हणून ती पट्टी त्याला लखलखताना दिसते. शेजारी उभ्या असलेल्याला मात्र ती मळकट राखाडीच वाटते. त्यामुळे दुकानात ती पाहायची असेल तर मोबाइलची टॉर्च डोळ्यांजवळ धरून पाहावी.

रिफ्लेक्टरला सेल लागत नाही, आणि माणूस उभा असला तरी तो विझत नाही. फिनलंडमध्ये हिवाळ्यात दुपारीच अंधार पडतो. तिथे अंधारात पायी चालताना रिफ्लेक्टर वापरण्याची तरतूद कायद्यातच आहे, आणि कोटाच्या खिशाला दोरीने लटकणारे छोटे रिफ्लेक्टर मुलांपासून आजी-आजोबांपर्यंत सगळे वापरतात. डिपरच्या उजेडात रिफ्लेक्टरमुळे माणूस दिसण्याचं अंतर ५० मीटरवरून साधारण १५० मीटरपर्यंत जातं, असं तिथल्या सुरक्षा प्रचारात सांगितलं जातं. १५० मीटर म्हणजे ताशी ६०च्या वेगाने येणाऱ्या गाडीसाठी जवळजवळ नऊ सेकंद.

रिफ्लेक्टरलाही मर्यादा आहे. त्याच्यावर गाडीचा उजेड पडला तरच तो चमकतो. दिवे बंद असलेल्या गाडीसमोर किंवा उजेड पोहोचत नाही अशा वळणावर तो निरुपयोगी. तिथे स्वतः उजेड देणारा दिवाच लागतो. म्हणून दोन्ही असणं सर्वांत चांगलं.

दक्षिण आफ्रिकेत दोन तरुणींनी सुरू केलेल्या ‘रीपर्पज स्कूलबॅग्ज’ या उपक्रमाने ही दोन कामं छान वेगळी केली होती. टाकाऊ प्लास्टिक पिशव्यांपासून बनवलेल्या या दप्तरावर छोटं सौर पॅनल असतं. मूल शाळेत चालत जाताना ते चार्ज होतं आणि रात्री घरी अभ्यासाला उजेड देतं. रस्त्यावर गाड्यांना मूल दिसावं म्हणून मात्र दप्तरावर वेगळ्या रिफ्लेक्टर पट्ट्या लावलेल्या असतात. मुलाला दिसण्यासाठी दिवा आणि मूल दिसण्यासाठी रिफ्लेक्टर, अशी ही विभागणी.

घरात लहान मूल असेल तर

लाइटवाल्या बॅगेतला सर्वांत गंभीर धोका रस्त्यावर नाही, तर सेलच्या कप्प्यात आहे. ‘सीआर २०३२’ साधारण एक रुपयाच्या नाण्याएवढा असतो. लहान मुलाने तो गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला, तर ओलसर पेशींतून वीज वाहू लागते आणि तिथे तीव्र अल्कली तयार होते. दोन तासांतसुद्धा अन्ननलिकेला गंभीर जखम होऊ शकते. दिवा लावण्याइतका दम न उरलेला, ‘संपलेला’ सेलही हे करू शकतो.

अमेरिकेत रीझ नावाच्या दीड वर्षाच्या मुलीचा बटण सेल गिळल्यामुळे मृत्यू झाला. तिच्या नावाने २०२२ मध्ये ‘रीझेस लॉ’ हा कायदा आला. बटण सेलवर चालणाऱ्या घरगुती वस्तूंचा कप्पा मुलाला उघडता येणार नाही असा असावा आणि त्यावर इशारा छापलेला असावा, असं त्यात बंधन आहे. बॅग घेताना हीच कसोटी लावता येते. सेलचं झाकण स्क्रूने बसवलेलं असेल तर ठीक. नखाने उघडत असेल, किंवा दिवा नुसत्या पातळ कापडी कप्प्यात ठेवलेला असेल, तर ती बॅग लहान मुलांच्या घरात नको.

मुलाने सेल गिळल्याची शंका आली तरी थेट रुग्णालय गाठावं. उलटी करायला लावू नये, खायला देऊ नये. एक्स-रेमध्ये सेल नाण्यासारखा दिसू शकतो, म्हणून ‘हा सेल असू शकतो’ हे डॉक्टरांना आधी सांगावं. गिळून १२ तास झाले नसतील आणि मूल एक वर्षापेक्षा मोठं असेल, तर रुग्णालयात नेतानाच दर दहा मिनिटांनी दोन छोटे चमचे मध, जास्तीत जास्त सहा वेळा, द्यावा असं अमेरिकेतलं नॅशनल कॅपिटल पॉयझन सेंटर सांगतं. मात्र मध शोधण्यात वेळ घालवू नये, आणि एक वर्षाखालच्या बाळाला मध मुळीच देऊ नये.

पाऊस, धुणं आणि विमान

कोकणातल्या किंवा मुंबईतल्या पावसात बॅग भिजणारच. दिव्यावर ‘आयपीएक्स ४’ लिहिलं असेल तर तो चहूबाजूंनी उडणाऱ्या शिंतोड्यांना टिकतो. ‘आयपीएक्स ७’ असेल तर एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडूनही चालायला हवा. काहीच लिहिलं नसेल तर दिवा पावसाळी नाही असंच समजावं. बॅग धुण्याआधी दिवा काढता येतो का हेही पाहावं. शिवून टाकलेला दिवा बिघडला की दिव्यासाठी अख्खी बॅग टाकायची वेळ येते.

विमानाने जाताना सेलचा प्रकार महत्त्वाचा. जानेवारी २०१८ पासून अमेरिकन, डेल्टा आणि अलास्का या विमान कंपन्यांनी बॅटरी काढता न येणाऱ्या ‘स्मार्ट’ बॅगा घ्यायचं बंद केलं आणि नंतर हा नियम जगभर रूढ झाला. कारण सामानाच्या डब्यात लिथियम बॅटरी पेटली तर ती कुणाच्या लक्षात येणार नाही. बटण सेलमध्ये लिथियम अगदी थोडं असतं, त्यामुळे त्याला सहसा सूट मिळते. पण यूएसबीने चार्ज होणारी मोठी बॅटरी किंवा पॉवर बँक असलेली बॅग चेक-इन करायची असेल, तर ती बॅटरी काढून सोबत केबिनमध्ये न्यावी लागते.

संपलेले सेल ओल्या कचऱ्यात टाकू नयेत. भारतात २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. तोपर्यंत सेलच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून, मुलांचा हात पोहोचणार नाही अशा जागी डबीत जमा करावेत आणि ई-कचरा केंद्रात द्यावेत.

घेताना काय पाहावं?

• दिवा आत आहे की बाहेर? आतला असेल तर हालचालीवर चालणारा पुरेसा. बाहेरचा असेल तर ‘सतत चालू’ ठेवायचं वेगळं बटण हवं.

• बॅग पूर्ण स्थिर ठेवल्यावर दिवा किती सेकंदांत विझतो, ते दुकानातच मोजावं.

• बाहेरच्या बाजूला, मागे आणि खांद्याच्या पट्ट्यांवरही रिफ्लेक्टर आहे का? पट्ट्यांवरचा रिफ्लेक्टर समोरून येणाऱ्या गाड्यांना दिसतो.

• सेलचं झाकण स्क्रूचं आहे का, आणि तोच सेल जवळच्या दुकानात मिळतो का?

• दिवा बॅगेपासून वेगळा काढता येतो का?

घरात आधीच लुकलुकणारं दप्तर असेल तर ते टाकून द्यायची गरज नाही. रिफ्लेक्टर टेपचा एक तुकडा खांद्याच्या पट्ट्यांवर आणि एक-एक पट्टी मुलाच्या बुटांच्या टाचांवर लावली, तर दप्तराचा दिवा विझल्यावरही, दुभाजकावर उभं असलेलं ते मूल येणाऱ्या गाडीला दिसत राहील.